कॉफीतून आलेला शब्द

कॉफीत डोनट बुडवून खाण्याला अमेरिकेत ‘डंक करणे’ म्हणतात. शब्द अस्सल इंग्रजी वाटतो, पण तो पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकऱ्यांच्या घरातला. प्रमाण जर्मनमध्ये ‘टुंकेन’. ऱ्हाईनकाठच्या पॅलाटिनेट भागातल्या बोलीत ‘ट’ मवाळ होऊन ‘ड’ होतो, शेवटचा ‘न’ गळतो आणि ‘डुंके’ उरते. अठराव्या शतकात तिथली माणसे समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली, तेव्हा बोलीही त्यांच्याबरोबर गेली.

*

लॅटिनमधले ‘तिंगेरे’, म्हणजे भिजवणे, रंगात बुडवणे, हे ‘टुंकेन’चे दूरचे भावंड. इंग्रजीतले ‘टिंट’ त्याच घराण्यातले. खरचटलेल्या गुडघ्यावर लावायचे टिंक्चर आयोडीनही तिथलेच.

*

छापील इंग्रजीत ‘डंक’ हा शब्द दिसू लागला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. ती वेळ मला फार बोलकी वाटते. अमेरिकेत तेव्हा जे जे जर्मन ते ते संशयास्पद होते. शाळांमधून जर्मन शिकवणे बंद होत होते, ‘सॉवरक्राउट’ या आंबवलेल्या कोबीला ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणायची टूम निघाली होती. नेमक्या त्याच काळात ‘डंक’ इंग्रजीत रुळू लागला. त्याला कोणी अडवले नाही. बहुधा तो जर्मन आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नसावे.

*

कॉफीच्या आधी नदी. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी अलेक्झांडर माक आणि त्याच्या सोबत्यांनी, एकूण आठ जणांनी, एडर नदीत बाप्तिस्मा घेतला. लहानपणी झालेला बाप्तिस्मा त्यांना पुरेसा वाटत नव्हता. जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने, पाण्यात पुरते बुडून तो घ्यायचा. पाण्यात गुडघे टेकायचे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तीनदा पुढे झुकून डोके बुडवायचे. यावरून लोक त्यांना ‘टुंकर’, पुढे ‘डंकर’ म्हणू लागले, म्हणजे बुडवणारे. १७१९ पासून ते पेन्सिल्व्हेनियात येऊ लागले.

हे लोक शस्त्र हाती घेत नसत. मेरीलँडमध्ये शार्प्सबर्गजवळ त्यांचे एक छोटे, पांढरे, बिनमनोऱ्याचे प्रार्थनाघर होते. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अमेरिकी यादवी युद्धातली अँटिएटमची लढाई नेमकी त्याच्या आसपास पेटली. एका दिवसात मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३ हजार सैनिक. अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत रक्तरंजित दिवस. युद्धाला पाप मानणाऱ्यांच्या भिंतींवर तोफगोळे आदळले. इतिहासाच्या पुस्तकांत ‘डंकर चर्च’ हे नाव कायमचे राहिले ते त्या लढाईमुळे, त्यांच्या श्रद्धेमुळे नव्हे, याचे मला वाईट वाटते.

*

डंकर्क या फ्रेंच बंदराचा या शब्दाशी संबंध नाही. त्या नावाचा अर्थ वाळूच्या टेकड्यांतले चर्च.

*

१९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ चित्रपटात क्लार्क गेबलचा बातमीदार, क्लॉडेट कोल्बर्टने रंगवलेल्या, श्रीमंत बापाच्या मुलीला डोनट बुडवायला शिकवतो. फार वेळ बुडवून ठेवायचा नाही, हा त्याचा धडा. पैशाने जे शिकता येत नाही ते तिला साध्या न्याहारीत शिकायला मिळते. मला हा प्रसंग साऱ्या चित्रपटात सर्वांत जास्त आवडतो.

*

बास्केटबॉलमध्ये हा शब्द गेला तोही न्याहारीच्या टेबलावरूनच. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन मीटर उंचीच्या जो फोर्टेनबेरीने चेंडू वरून थेट बास्केटमध्ये घातला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे आर्थर डेली यांना ते पाहून कॉफीत पाव बुडवणारे खानावळीतले गिऱ्हाईक आठवले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धांतून डंकवर बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. उंच खेळाडूंचा वरचष्मा होतो, ही तक्रार होती. खेळातली सर्वांत देखणी गोष्ट त्यामुळे इतकी वर्षे त्या स्पर्धांत दिसली नाही.

आता समाजमाध्यमांवर एखाद्याला चारचौघांत हाणून पाडण्यालाही ‘डंक’ म्हणतात. हा अर्थ बास्केटबॉलमधूनच आला. शब्दाची ही सर्वांत गरीब वाट आहे.

*

चहात बुडवलेले बिस्कीट का मोडते? त्यातली साखर गरम चहात विरघळते, पिष्ट फुगून मऊ पडते आणि पकड सुटते. द्रव बारीक पोकळ्यांतून चढतो, पण दुप्पट अंतर जायला त्याला चौपट वेळ लागतो. हे समीकरण एडवर्ड वॉशबर्नने १९२१ मध्ये मांडले. ब्रिस्टलचे लेन फिशर यांनी ते बिस्किटाला लावून पाहिले आणि १९९९ मध्ये त्यांना, गमतीदार वाटणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे, इग नोबेल मिळाले. त्यांचा सल्ला: बिस्कीट आडवे धरून बुडवा. वरची बाजू कोरडी राहते आणि भिजलेल्या भागाला तीच पेलते.