काळी दोन आणि लार्घेत्तो

पुणे, रविवार

चि. ऋता हिस,


काल रात्री साडेअकराला तुझं रेकॉर्डिंग आलं. मामी झोपली होती, म्हणून स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभा राहून ऐकलं. तीनदा. पहिल्यांदा डोळे भरून आले, तिसऱ्यांदा राग आला. अगं, ‘कारो मिओ बेन’सारख्या इटालियन गाण्याला साडेचार मिनिटं? बहुतेक जण ते तीनेक मिनिटांत आटोपतात. ओली सतरंजी जिन्यावरून ओढत न्यावी तसं तू ते नेलंस.

तू विचारलंस इतकंच, की परीक्षेला पट्टी कोणती, लय किती आणि भाव कसा ठेवायचा. पट्टीचं आधी सांगून टाकतो. तुझ्याकडची प्रत ई-फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे आपली काळी दोन. त्यात तुझा आवाज वर जाताना चिरकतो, तेव्हा सरळ खाली उतर. परीक्षक नाक मुरडतील ही भीती सोड. ग्लुकने ‘ऑर्फेओ’ १७६२ मध्ये व्हिएन्नात केला तेव्हा नायक खालच्या पट्टीत गाणारा कास्त्रातो, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेला गायक, होता. १७७४ मध्ये पॅरिसला तोच ऑपेरा नेताना नायक उंच आवाजाचा पुरुष मिळाला, तर ग्लुकने स्वतःच पट्टी बदलली. शिवाय त्या काळी गावोगावी सूर वेगळा लावत. आजचा ४४० चा ‘ए’ १९३९ च्या लंडनमधल्या परिषदेत ठरला. पट्टी गळ्याची असते, हे आजीने तुला पेटीवर बसवून शिकवलं होतं. तो अडकणारा गंधार आठवतो ना?

आता भाव. तुझ्या बाई म्हणाल्या, ‘दुःखी गा’ आणि तू हुंदके घातलेस. आधी गाण्यात काय चाललंय ते बघ. कोणी मेलेलं नाही. एक माणूस रुसलेल्या प्रिय व्यक्तीला सांगतोय, की निदान एवढं तरी खरं मान, तुझ्यावाचून जीव कोमेजतो, हा कठोरपणा पुरे कर. ही मनधरणी आहे, ऋता. मनधरणी करणारा हुंदके देत बसला तर समोरचा उठून जाईल. (तुझ्या बाबांचा दिवाळीतला प्रसंग आठव. मी अधिक लिहीत नाही.)

मेजर असून उदास कसं, हा तुझा प्रश्न मात्र मला फार आवडला. स्वर सगळे शुद्ध, आपल्या हिशेबी बिलावलच. कोमल गंधार लावला की करुण रस आला, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. ऑर्फेओची बायको दुसऱ्यांदा मरते, तेव्हाचा त्याचा विलाप ग्लुकने सी मेजरमध्ये बांधला आहे! आणि १७७० मध्ये ‘पारिदे एद एलेना’ या ऑपेराच्या अर्पणपत्रिकेत त्याने स्वतः कबूल केलंय, की गाण्याच्या ढंगात जरासा फरक पडला तर या विलापाचा कठपुतळ्यांचा नाच होईल. स्वर तेच, शब्द तेच. मग विलाप आणि नाच यांच्यात उरलं काय? लय, आणि उच्चार. माझं तर मत असं झालंय, की गाण्याचं दुःख लयीत राहतं आणि पट्टी हे त्याचं नुसतं घर. मामी म्हणते हे मी सगळ्याच गोष्टींबद्दल म्हणतो. म्हणू दे.

वर ‘लार्घेत्तो’ लिहिलंय म्हणून तू मेट्रोनोमवर आकडा शोधत बसलीस. मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये. हे गाणं ज्यांच्या नावावर सांगतात त्या दोन जोर्दानींपैकी ज्युझेप्पे १७९८ मध्ये फेर्मोत वारला, तोमासो १८०६ मध्ये डब्लिनला. (दोघांपैकी खरा कोण, यावर अजून वाद आहे.) तेव्हा तो आकडा आला तो नंतरच्या कुणाच्या तरी हातून. लार्घेत्तो म्हणजे लार्गोइतकं रुंद नाही, एवढंच.

आणि छापलंय म्हणून इतका विश्वास ठेवू नकोस. ही जुनी गाणी घरोघरी पोचली ती मुख्यतः पारिझोत्तीच्या ‘आरिए आंतिके’ या संग्रहामुळे. रिकॉर्डी प्रकाशनाने तो १८८५ पासून काढला. पियानोची साथ पारिझोत्तीने आपल्या काळाच्या चवीने भरली. त्यातलं ‘से तू मामी’ पेर्गोलेझीचं म्हणून छापलं, ते बहुधा पारिझोत्तीचं स्वतःचंच. स्त्राविन्स्कीसुद्धा फसला, त्याने ते ‘पुल्चिनेल्ला’ या बॅलेत घेतलं!

तर असं कर. पियानो बंद ठेव, शब्द नुसते बोल, मी दारात रुसून उभा आहे असं समजून. त्या बोलण्याची जी चाल पडेल ती तुझी लय. बोलताना च सांभाळ. ‘सेन्त्सा’ (वाचून) यातला आपल्या चमच्यातला च, ‘चेस्सा’ (पुरे कर) यातला चिंचेतला पहिला. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे अडखळतात, तुला दोन्ही च आईच्या दुधाबरोबर मिळालेत. ‘चेस्सा’तला जोड-स मात्र तू खाल्लास. पत्ता आणि पता यांत आपण गल्लत करतो का? त्या स्सवर क्षणभर थांबलीस की ‘पुरे कर’ ही विनवणी आपोआप येते, हुंदका लागत नाही.

आणखी एक. दुसऱ्या ओळीनंतर तू श्वास घेतलास तेव्हा छातीत घरघर ऐकू आली. तिसऱ्यांदा ऐकलं ते त्यासाठीच. कधीपासून आहे हे? आईला सांगितलंस का? चार दिवस गाऊ नकोस, परीक्षा गेली खड्ड्यात. रात्री पंख्याखाली झोपतेस का अजून?

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की फोन कर. साडेअकरानंतर केलास तरी चालेल, मी जागा असतो.

तुझा,
मामा

ता. क. मामी उठून आलीये. म्हणते, गाणं तिला आहे तसंच आवडलं.