नावाचा रकाना

हेन्री लुई गेट्स समोर बसलेल्या पाहुण्यापुढे एक जाडजूड चोपडी ठेवतात आणि पान उलटायला सांगतात. ‘फाइंडिंग युअर रूट्स’ या त्यांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात हा क्षण आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. पाहुणा कृष्णवर्णीय असेल, तर मागे मागे जाणारा पूर्वजांचा शोध 1870च्या जनगणनेपाशी येऊन अडतो. अमेरिकेच्या जनगणनेत सगळ्या कृष्णवर्णीयांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली ती त्या वर्षी. त्याआधी, 1850 आणि 1860 मध्ये, गुलामांचे तक्ते वेगळे असत. मालकाचं नाव, आणि त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग, रंग. तीस वर्षांची बाई, काळी. सहा वर्षांचा मुलगा, काळा. आठ महिन्यांची मुलगी. ते तान्हं त्या बाईचं की दुसऱ्या कुणाचं, हे कागद सांगत नाही. 1860 मध्ये असे 39 लाखांहून अधिक लोक होते.

नावं सापडतात ती मालकाच्या मृत्युपत्रात, नाहीतर तो गेल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीत. तिथे किंमत लावायची असते, म्हणून नाव लागतं. घोडा, नांगर, पलंग आणि त्याच यादीत माणूस, समोर डॉलरचा आकडा. पाहुणा त्या नावावर बोट ठेवतो, आणि बराच वेळ ते बोट तिथून हलत नाही.

हेच गेट्स 2016 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये केन बर्न्स यांच्यासोबत अमेरिकेतल्या वर्णभेदाबद्दल जाहीरपणे बोलायला बसले. आदल्याच वर्षी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांचा एका गोऱ्या तरुणानं गोळ्या घालून जीव घेतला होता. दोघेही माहितीपट करणारे, जुने कागद आणि जुने फोटो चाळण्यात हयात घालवलेले, शिवाय मित्र. तरी ते बरोबरीनं बसले होते असं मला म्हणवत नाही. शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोघांपैकी एकालाच स्वतःच्या घराच्या ओट्यावर बेड्या पडल्या होत्या. जुलै 2009, केंब्रिज. चीनहून परतलेल्या गेट्स या हार्वर्डच्या कृष्णवर्णीय प्राध्यापकांना आपल्याच घराचं दार उघडेना. ढकलाढकली पाहून कुणीतरी पोलिसांना कळवलं, शब्दानं शब्द वाढला आणि अटक झाली. आरोप पुढे मागे घेतला गेला. बर्न्स यांच्यावर अशी वेळ आली असती असं मला वाटत नाही.

बर्न्स यांचं मोल मला वेगळ्या कारणानं वाटतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धावरची त्यांची ‘द सिव्हिल वॉर’ ही मालिका 1990 मध्ये जवळजवळ 4 कोटी लोकांनी पाहिली. तिच्यात लेखक शेल्बी फूट यांचं गोष्टीवेल्हाळ बोलणं भरपूर आहे, आणि ते ऐकताना दक्षिणेच्या सेनापतींविषयी नकळत माया वाटू लागते. यावर इतिहासकारांनी टीका केली, ती रास्तच होती. इतिहासकार बार्बरा फील्ड्स यांच्या वाट्याला त्यामानानं थोडाच वेळ आला, पण त्या युद्धाचा गाभा गुलामगिरी आहे आणि ते अजून संपलेलं नाही, हे ठामपणे सांगतात त्या त्याच. बर्न्स तिथेच थांबले नाहीत. पुढे त्यांनी मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनवर काम केलं, न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेल्या न्यूयॉर्कच्या पाच पोरांवर केलं, जॅकी रॉबिन्सनवर केलं. गोऱ्या माणसानं हा विषय परक्याचा न मानता आपल्या घरातला मानून पुन्हा पुन्हा हाती घेणं, हे मला मोठं वाटतं.

कारण स्वतःचं पान उलटणं सोपं नसतं. गेट्स यांच्याच कार्यक्रमात बेन ॲफ्लेक या नटानं गुलाम बाळगणारा आपला पूर्वज वगळायला लावल्याचं 2015 मध्ये उघड झालं. मला त्याचा राग आला नाही, ओळख पटली.

आमच्या घरी पणजोबांची मोडीतली एक वही आहे. खळ्यावर दिलेल्या बलुत्याचा हिशेब. भाऊबंदांची नावं बापाच्या नावासकट आहेत. खाली नुसतं सुतार, दोन पायल्या. कुंभार, एक पायली. महार, मांग. वर्षामागून वर्षं तेच. ज्यांनी आमची मेलेली गुरं ओढली, रात्री गावाची राखण केली, त्यांची नावं माझ्या पणजोबांना पक्की ठाऊक असणार. त्यांनी ती लिहिली नाहीत. अमेरिकेतली गुलामगिरी आणि आपली जात एक नव्हे, हे मला कळतं. पण जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. 1870ची ती जनगणना होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्यांना जे नातं दिसलं, ते आपल्याला दिसायला अडचण नसावी.

तुमच्या घरी अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. मोडी वाचणारं कुणी शोधा, ज्या ओळींत नुसती जात लिहिली आहे त्यांवर खूण करा, आणि गावात अजून सांगणारे हयात आहेत तोवर जाऊन नावं विचारा. मला आतापर्यंत तीन मिळाली आहेत.