आवणीच्या दिवसांतलं माहेरघर

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आम्ही नाशिकच्या काही शिक्षिकांनी जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे गोळा करून त्या भागात नेऊन वाटले होते. त्या एका खेपेचं समाधान मला बरीच वर्षं पुरलं. आज त्याचं वाईट वाटतं. तुम्हाला काय हवंय, असं आम्ही तिथल्या एकाही बाईला विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मोखाड्याच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात माझं जाणं-येणं सुरू झालं. आदिवासी भागात २०,००० वस्तीमागे असं एक केंद्र, हा सरकारी निकष. पण इथले पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले. पावसात ओहोळ भरला की अडलेल्या बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. १०२ची गाडी मोफत मिळते, पण ती येणार रस्ता असेल तिथपर्यंतच. म्हणून आवारात ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन तिथे राहायचं, सोबत घरचं एक माणूस आणि लहान मूल. इतकी शहाणपणाची सरकारी योजना मी दुसरी पाहिलेली नाही.

तरी एका जुलैत तिथल्या चार खाटांपैकी तीन रिकाम्या होत्या. मी सिस्टरना कारण विचारलं.

“आवणी लागलीय ना, बाई. आता कोण येणार? आलेलीही दोन दिवसांत निघून जाते.”

चौथ्या खाटेवर एक वारली बाई होती, तिसरी खेप. हिमोग्लोबिन ७.४. सलाइनमधून लोह द्यायचं ठरलं होतं. सोबत आलेली सासू दुसऱ्याच दिवशी आवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, परत गेली होती. तीन वर्षांचा मुलगा आईच्या पदराशी बसलेला. सिस्टरनी त्याच्या दंडाला पट्टी गुंडाळली, तर खूण पिवळ्या भागात आली, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या आत, कुपोषणाच्या टप्प्यात. त्याने हात जराही मागे घेतला नाही. मान वर करून तो फक्त पट्टीकडे बघत राहिला.

संध्याकाळी त्या बाईने गाठोडं बांधलं. एक लुगडं, स्टीलचा डबा, पोराचा सदरा. “घरी पोर एकली हाय, बाय.” सहा वर्षांची मुलगी आणि दोन शेळ्या घरी होत्या. सासू आणि नवरा दिवसभर खाचरात.

सिस्टर रागावल्या नाहीत. तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “पोरीला इथंच आणू. मग राहशील?” बाईने गाठोडं सोडलं नाही, पण ती उठलीही नाही. मी हातात सफरचंदांची पिशवी घेऊन उभी होते. तिच्या अडचणीला त्या सफरचंदांचा काडीचा उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई मुलीला घेऊन आल्या. शेळ्या शेजारणीने सांभाळल्या. सलाइन चालू असताना दोन्ही पोरांना कुणी बघायचं, हा प्रश्न होताच. ते काम मी केलं. आठव्या दिवशी पहाटे ती बाळंत झाली. मुलगी, दोन किलो चारशे ग्रॅम. वजन हवं त्यापेक्षा कमीच, पण बाळ लगेच रडलं आणि अंगावर प्यायलं. तिच्या वाटेवरचा ओहोळ त्या रात्री दुथडी भरून वाहत होता.

नाशिकला परतल्यावर मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना गोळा केलं. आम्ही बाराजणी दरमहा ५०० रुपये काढतो. ते ६००० रुपये रुग्ण कल्याण समितीकडे पावती घेऊन जमा होतात. त्यातून जवळच्या पाड्यावरची एक बाई माहेरघरात येते, नागलीच्या भाकरी भाजते आणि आयांबरोबर आलेली पोरं सांभाळते. बाकी काय आणायचं ते सिस्टर सांगतात. मागच्या वर्षी त्यांनी इन्व्हर्टरची बॅटरी मागितली आणि दुपटी वाळत घालायला पडवीत दोऱ्या. दोऱ्या माझ्या डोक्यात कधीच आल्या नसत्या. पण चार महिने कोसळणाऱ्या पावसात बाळाला कोरडं दुपटं मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

डॉक्टर, औषधं, गाडी हे सरकारचंच काम आहे आणि ते हक्काने मागितलंच पाहिजे. आमच्या पैशांनी रिक्त पदं भरणार नाहीत. पण योजनेत न बसणारी एखादी भाकरी, एखादी दोरी, पोराला कडेवर घेणारा एखादा हात आपल्याला देता येतो.

पाऊस पडला की आवणी सुरू होते. त्याआधी एकदा आपल्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात जाऊन या. फळं नेऊ नका. सिस्टरांजवळ बसा, काय कमी पडतंय ते विचारा, आणि त्या सांगतील ते वर्षभर द्या.