पांढऱ्या मातीची सरहद्द

कुमाऊं रेजिमेंटच्या जुन्या युद्धसन्मानांत नागपूर आणि महिदपूर यांच्या जोडीला ‘नोवाह’ असं एक नाव आहे. हे नोवाह म्हणजे आपलं नाव्हा, नांदेडच्या उत्तरेला सुमारे चोवीस मैलांवरचं. मी परभणीत राहून अनेक वर्षं मराठवाड्यातल्या गढ्यांचा अभ्यास करतो आहे. व्याख्यानात हे नाव घेतलं की श्रोते विचारतात, “हा किल्ला कुठला?” हिमालयातली पलटण जे नाव जपते, ते आपल्याच मुलखात अनोळखी व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पैनगंगेच्या दोन्ही अंगांना हटकर नाइकांचा दबदबा होता. मुघल काळातल्या वाशीम सरकारातल्या (सुभ्याच्या विभागातल्या) या मानी, कुणाला न जुमानणाऱ्या लोकांची नोंद ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा इथला नोवसाजी नाईक निजामाला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या इंग्रजांना दाद देत नव्हता. नाव्ह्याच्या गढीत पाचशेच्या आसपास शिबंदी होती आणि तिच्यात मुख्य भरणा अरबांचा होता.

जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालच्या फौजेनं गढीला वेढा घातला. फौज निजामाची, अंमलदार इंग्रज. तिच्यातली ‘रसेल ब्रिगेड’ हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानं १८१३ मध्ये उभी केली होती. वेढा तीन आठवडे चालला. ३१ जानेवारीला भगदाडातून हल्ला झाला आणि शिबंदीतले बहुतेक लोक कापले गेले.

तोफा असलेल्या फौजेला एका गढीसाठी इतके दिवस का लागावेत? याचं उत्तर आपल्याकडच्या कुठल्याही गढीच्या भिंतीपाशी मिळतं. पाथरीच्या बाजूला एका पडक्या बुरुजाचं मोजमाप घेताना मी निखळलेलं ढेकूळ हातात घेऊन फोडलं. आत पांढरी माती, तिच्यात भुसा, चुनखडीचे खडे आणि बोटाच्या पेराएवढा खापराचा तुकडा. अशी माती थरावर थर तुडवून भिंत उभी राहते. ती तळाशी इतकी रुंद असते की वरून बैल चालवावा. तोफेच्या गोळ्यानं दगडी भिंत तडकते, चिरे निखळतात. मातीच्या भिंतीत गोळा रुतून बसतो. म्हणून अशा गढीपुढे नुसत्या तोफा पुरत नाहीत. मोर्चे खणत खणत तटाच्या पायथ्याशी जावं लागतं.

गढी पडली, पण फौज गेली नाही. हिंगोलीला तिची छावणी बसली. हिंगोली तेव्हा वऱ्हाडच्या वाटेवरचा नाका होती. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा होईपर्यंत ती आपल्या परभणीतच होती. पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या फौजेचा खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात गेला. निजामाचा पेशकार चंदूलाल यानं पगार भागवायला पामर या सावकारी पेढीकडून जबर व्याजानं कर्ज काढलं. फौज निजामाच्या पैशावर पोसली जात होती, हुकूम मात्र इंग्रजांचा चालत होता. अखेर थकलेल्या बाकीपोटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. ज्या पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिकी होत होत्या, तीच नदी दोन राजवटींमधली सरहद्द झाली. सरहद्दीवरचं बंड मोडायला ठेवलेल्या फौजेनंच नवी सरहद्द आखली, असं मी म्हणतो ते यासाठी. नाव्ह्याचा वेढा या साखळीची सुरुवातीची कडी आहे.

१९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. तिच्या पलटणी पुढे हैदराबाद रेजिमेंटमध्ये आल्या आणि १९४५ मध्ये तिचंच नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. नाव्ह्याचं नाव या रेजिमेंटचं केंद्र असलेल्या राणीखेतपर्यंत पोचलं ते या वाटेनं. हिंगोलीत आजही लोक पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा हीच नावं घेऊन पत्ता सांगतात. छावणी उठून शंभर वर्षं उलटली, तरी वेढा घालणाऱ्यांची आठवण गल्लीबोळांत शाबूत आहे.

आत लढलेल्यांची आठवण मात्र मातीत आहे, आणि ती माती गाड्या भरून चालली आहे. माळवदावर पसरायला, शेतात टाकायला गढीची पांढरी माती चांगली, म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक ती नेत आले. त्यांना मी बोल लावत नाही. घर गळत असताना बुरूज कोण राखणार? पण या दिवाळीत गावी जाल तेव्हा गढीवर एक चक्कर मारा. पावसाळा सरून गवत वाळू लागलेलं असेल, भिंतीची रेघ नीट दिसेल. उरलेल्या बुरुजाची उंची मोजा, आड कुठे होता, दरवाजा कोणत्या तोंडाला होता ते वहीत उतरवा. आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, या बुरुजाला काय म्हणायचे? ते नाव आधी लिहून घ्या. बुरूज अजून चार पावसाळे काढेल.