कुत्र्याचा वाटा

तात्या आमच्या नात्यागोत्यातले नव्हते. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या एका वाडीवर वडिलांची प्राथमिक शिक्षक म्हणून बदली झाली आणि शेजारचे धनगर तात्या आमच्या घरचेच होऊन गेले. मेंढरांचा कळप, थोडं कोरडवाहू रान आणि दारात कारवानी कुत्री, एवढा त्यांचा संसार. मी जनावरांचा डॉक्टर झालो याचं श्रेय लोक कॉलेजला देतात. मी हिशेब मांडतो तेव्हा पहिल्या ओळीत तात्या आणि त्यांची हरणी येतात, दुसऱ्या ओळीत जर्मनीतले एक म्हातारे रेंजर आणि त्यांची आल्मा. बाकी सगळे त्यांच्यानंतर.

हरणी फिकट तांबूस रंगाची होती. निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला टेकलेलं पोट. नवख्याला वाटायचं, हिला खायला घालत नाहीत. एका पाहुण्याने तसं बोलून दाखवलं तेव्हा तात्या म्हणाले, "पाव्हणं, हिच्या बरगड्या दिसायच्या थांबल्या की ही पळायची थांबली." रोज संध्याकाळी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून ते स्वतः तिच्यापुढे ठेवायचे. दूध कमी असेल त्या दिवशी तात्या कोरा चहा घ्यायचे, पण हरणीच्या दुधात पाणी पडत नसे. या जातीला आपल्याकडे कारवान म्हणतात, सीमेपलीकडे मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली. तात्यांना यातलं काही सांगायची गरज वाटत नसे. त्यांच्या लेखी कुत्रं दोनच जातींचं असायचं, पळणारं आणि भुंकणारं.

शाळूची काढणी उरकली की फाल्गुनात रानं मोकळी व्हायची. उन्हं चढायच्या आत आम्ही निघायचो. कारवान वासावर चालत नाही, नजरेवर चालतं. त्यामुळे ससा उठेपर्यंत त्याला आवरून धरणं हे शिकाऱ्याचं खरं काम. हरणी आणि तिच्या जोडीचा वाघ्या एकाच दोरात असायचे. दोराचं एक टोक तात्यांच्या मनगटाला बांधलेलं, दुसरं दोघांच्या पट्ट्यांच्या कड्यांतून ओवून परत मुठीत. मूठ सोडली की दोन्ही कुत्री एकदमच मोकळी. आम्ही पोरं धसकटांतून रांग धरून चालायचो. ससा लवकर उठत नाही. पाय अगदी त्याच्यावर पडायची वेळ आली की मगच सुटतो. तो सुटला तरी तात्यांची मूठ मिटलेलीच. त्याला थोडं रान मिळू द्यायचे, मग मूठ उघडायचे.

पुढचं सगळं क्षणात घडायचं. हरणीची पाठ वाकायची, मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडायचे आणि अंग सपाट होऊन जमिनीला लागून निघायचं. सरळ पळण्यात ससा हरतो, वळण्यात जिंकतो. हरणी तोंड घालणार तेवढ्यात तो काटकोनात वळायचा आणि ती झोकात पुढे निघून जायची. मागून येणारा वाघ्या त्या वळणासाठीच असायचा. एकाने वळवायचं, दुसऱ्याने धरायचं. बांधावरची बोराटी जवळ असली तर तेही जमत नसे. बहुतेक वेळा ससाच जिंकायचा, आणि तात्या हसून दोर गुंडाळायचे.

एकदा वाघ्याचे दात सशाला ओझरते लागले आणि तो लंगडत निवडुंगाच्या दाट फडात शिरला. कुत्र्यांना तो दिसेना, म्हणजे त्यांचं काम संपलं. ऊन तापलं होतं, सगळ्यांना घरी जायचं होतं. तात्या जागचे हलले नाहीत. "तोंड लागलंय त्याला. आता त्ये आपल्या गळ्यात हाय," ते म्हणाले. काठीने एकेक फड उचलत ते आत शिरले. हाताला काटे भरले, धोतर फाटलं. दुपार कलायला लागली तेव्हा ससा सापडला आणि त्यांनी त्याची तडफड थांबवली. मग सावलीला बसून आधी हरणीचे पाय मांडीवर घेतले. बोटांच्या बेचक्यांतून सराटे काढायचे, तळव्याची चीर कोमट पाण्याने धुवायची, हळद भरायची. पाय मी धरला होता. माझं शिक्षण तिथं सुरू झालं.

घरी आल्यावर सशाचे वाटे पडायचे. पहिला वाटा कुत्र्यांचा, आणि तो मुंडकं-आतड्यांचा नसे. मागची एक तंगडी हरणी-वाघ्याची, मग बाकीच्यांचं. कोणी कुरकुर केली तर तात्या विचारायचे, "पळालं कोन? तू का मी?"

तेव्हा १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा देशात लागू होता, पण वाडीवर तो कोणी वाचलेला नव्हता. पुढे वनरक्षक येऊन समजावून गेला. तात्यांनी दोर खुंटीला टांगला आणि पुन्हा कधी काढला नाही. १९९१च्या दुरुस्तीने लहान शिकारीच्या परवान्यांची वाटही बंद केली. हरणीची पिल्लं मग मेंढरांमागे फिरायला लागली.

बारावीनंतर मला परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. कॉलेज १८८६चं, नाव मोठं, आणि वडिलांचा पगार मास्तरचा. वसतिगृहाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न होता. त्या वर्षी हरणी व्यायली होती. तात्यांनी विजापूरकडच्या लोकांना पिल्लं विकली आणि पैसे रुमालाच्या गाठीत बांधून आमच्या ओट्यावर आणून ठेवले. वडील घेईनात. तात्यांनी एकच सांगितलं, "मास्तर, ह्ये मी दिल्यालं न्हाईत, हरणीनं दिल्यात. परत करायचं आसंल तर तिला करा." तिला परत काय करणार? ते कर्ज अजून माझ्या नावावर आहे.

परळला भुलीच्या तासाला थायोपेंटोनबद्दल शिकवलं तेव्हा मला हरणी आठवली. हे औषध आधी मेंदूत पोचतं, मग हळूहळू स्नायूंत आणि चरबीत उतरतं, म्हणून एरवी कुत्रं लवकर शुद्धीवर येतं. ग्रेहाउंड, कारवान अशा पळणाऱ्या जातींच्या अंगावर चरबी नावालाच, आणि त्यांचं यकृतही ते औषध सावकाश मोडतं. नेहमीच्या हिशेबाने सुई दिली तर कुत्रं तासन्‌तास उठत नाही. वर्गातल्या बहुतेकांसाठी ती पुस्तकातली ओळ होती. मी त्या बरगड्या हाताने मोजलेल्या होत्या. पुढे नोकरीत शिकारी जातीचं कुत्रं टेबलावर आलं की माझा हात आपोआप आखडायचा, आणि ते बरोबरच असायचं.

नव्वदच्या दशकात प्रशिक्षणासाठी हॅनोव्हरला जायला मिळालं. तिथलं पशुवैद्यकीय विद्यापीठ १७७८ पासूनचं. शहराच्या नावाची कुत्र्याची एक जातही आहे, हॅनोव्हेरियन श्वाइसहुंड. तिची निगराणी 'हिर्शमान' नावाची संस्था १८९४पासून करते. हे कुत्रं शिकार पकडायला पाळत नाहीत. गोळी लागून पळालेलं जखमी जनावर शोधायचं, एवढंच त्याचं काम. मी राहायचो त्या घराच्या मालकांचे मित्र असलेले एक रेंजर, निवृत्तीला आलेले, त्यांच्याकडे या जातीची आल्मा होती. मी कुत्र्यांचा डॉक्टर, हे कळल्यावर एका रात्री त्यांचा फोन आला. संध्याकाळी मचाणावरून एका तरुणाने मक्याच्या कडेला रानडुकरावर गोळी झाडली होती. डुक्कर पडलं नव्हतं. सकाळी यायचं का, असं ते विचारत होते.

रात्रीच का नाही, हा माझा पहिला प्रश्न होता. पोटात किंवा यकृतात गोळी लागलेल्या जनावराच्या लगेच मागे लागलं तर ते जीव खाऊन पळतं, असं ते म्हणाले. त्याला थांबू दिलं तर जवळच कुठेतरी आडोशाला बसतं.

सकाळी मक्याच्या कडेला डहाळी खोचून जागा राखलेली होती. आल्माला थोडं लांब बसवलं आणि म्हातारबुवा गुडघ्यांवर खाली आले. पानन्‌पान उलटून त्यांनी मला दाखवलं: राठ काळे केस, मुळाशी नाही तर मध्येच तुटलेले, म्हणजे गोळीने कापलेले. रक्त दाट आणि तपकिरी झाक असलेलं. फेसाळ गुलाबी असतं तर फुप्फुस, हिरवट चोथा असता तर आतडं. हे यकृत. परळमध्ये आम्ही शवविच्छेदनाच्या टेबलावर जे वाचायला शिकलो, ते हे गृहस्थ चिखलात वाचत होते.

मग आल्माच्या गळ्यात चामड्याचा रुंद पट्टा चढवला आणि दहाएक मीटरचा लांब चामडी दोर मोकळा केला. ती पळाली नाही. नाक जमिनीला लावून, पाऊल मोजून चालली. रक्त संपलं तरी चालत राहिली, कारण जखमी जनावराचा स्वतःचा वास जमिनीवर उरतो. मध्येच ताज्या हरणांची वाट आडवी आली. तिने मान उचलली, क्षणभर घुटमळली आणि पुन्हा आपल्या डुकरावर आली. ओढ्यापाशी माग तुटला तर ती मागे फिरली, थोडा वळसा घेतला आणि एका पानापाशी थबकली. म्हातारबुवांनी वाकून पाहिलं. पानावर सुकलेला एक थेंब. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि दोर परत सैल केला. कोवळ्या स्प्रूसच्या दाटीत डुक्कर मरून पडलं होतं.

तिथली रीत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मेलेल्या डुकराच्या तोंडात त्यांनी हिरवी डहाळी ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी गोळी मारणाऱ्या तरुणाला दिली. त्याने ती तोडून अर्धी म्हातारबुवांना परत केली. त्यांनी आपल्या वाट्यातला तुकडा आल्माच्या पट्ट्यात खोवला. मला तात्यांच्या ओट्यावरची ती तंगडी आठवली. जतच्या माळावर आणि हॅनोव्हरच्या बीच वृक्षांत, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन माणसांनी पहिला मान एकाच जिवाला दिला होता.

गंमत अशी, की दोघांची शिकार एकमेकांच्या देशात गुन्हा ठरली असती. जर्मनीत कुत्री सोडून जनावराचा पाठलाग करून मारायला १९३४ पासून बंदी आहे. इंग्लंडने कुत्र्यांनी कोल्हे मारायची परंपरा २००४च्या कायद्याने बंद केली. आपल्याकडे तर शिकारच बंद. म्हातारबुवांना मी हरणीची हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी ससा किती मिळाला हे विचारलं नाही. लंगडत गेलेल्या सशाचं काय झालं, ते विचारलं. निवडुंगाच्या फडाची गोष्ट ऐकल्यावर म्हणाले, मग तुमचे तात्या शिकारी होते.

शिकारीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. माणूस जनावराला जखम करतो आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यावर कर्ज चढतं. ते फेडायला त्याच्याकडे ना तेवढे पाय, ना तेवढं नाक. म्हणून त्याने कुत्रं जवळ केलं. आल्माने एका पोराच्या हुकलेल्या नेमाचं कर्ज फेडलं. हरणीला ते जमण्यासारखं नव्हतं तेव्हा तात्या स्वतः काट्यांत शिरले. मी बंदूक कधी हातात धरली नाही, पण या दोघांचा नियम घेतला. ज्या गाईला आज सुई दिली, तिला उद्या पाहायला जायचं, फी मिळो न मिळो. पावसात मोटरसायकल ढकलत गेलो तेव्हा शेतकरी म्हणायचे, डॉक्टर, फोनवर विचारलं असतं तरी चाललं असतं. चाललं नसतं.

आता कुत्र्यांचं काम बदललं आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. लष्कराने मेरठच्या केंद्रात या जातीला तालीम दिली. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला तयार झालेली नाकाची कुत्री आता वनखात्यासाठी चोरटे शिकारी हुडकतात. जर्मनीत २०२०मध्ये रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवर शिरला तेव्हा मेलेली डुकरं शोधायला कुत्रीच पुढे झाली. बंदूक हातातून गेली तरी कुत्र्याची गरज गेली नाही.

काळजी दुसरीच आहे. कारवानला मागणी वाढली, तसं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते दिसायला लागलं. शर्यतींसाठी त्यात ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं जातं, आणि पिल्लं 'अस्सल' म्हणून विकली जातात. बरगड्या दिसतात म्हणून मालक त्याला भात-बिस्किटं चारून गुबगुबीत करतात आणि मग सांधे दुखतात म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. मी औषध देतो, आणि तात्यांचं ते पाहुण्याला सांगितलेलं वाक्यही ऐकवतो.

म्हणून एक विनंती. रोज मोकळं पळू द्यायला रान नसेल तर कारवान घेऊ नका, कितीही देखणं वाटलं तरी. आणि असलं, तर आपल्या ताटाआधी त्याचा वाटा काढा.