कडमतची पुळण

कोचीहून आलेल्या जहाजातून लहान बोटीत उतरलो आणि कडमतच्या पांढऱ्या वाळूवर आलो. लक्षद्वीपमधलं हे बेट सुमारे नऊ किलोमीटर लांब, पण इतकं अरुंद की पश्चिमेच्या लगूनपासून पूर्वेच्या किनाऱ्यापर्यंत दहा मिनिटांत चालत जावं. वाळू सगळी प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. तिच्यात ना ओल टिकते, ना कस.

तरीही तिथे हिरवाई आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं. लाटांच्या सर्वांत जवळ मर्यादवेल, कोकणातल्या पुळणीवर दिसते तीच. तिच्या पेरापेरांना मुळं फुटतात आणि उडती वाळू त्या जाळ्यात अडकते. तिच्यालगत मुगाच्या भाऊबंदांतली पिवळ्या फुलांची वेल. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, निकस वाळूला खत मिळतं. मागे स्कीव्होलाची दाट झुडपं खारा वारा अंगावर घेतात. त्यांचं पांढरं फूल उभं फाडून अर्धंच ठेवल्यासारखं दिसतं. मी ते कितीतरी वेळ न्याहाळत बसलो. फळं खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने तरंगतात आणि तरीही बी रुजतं. मधूनच अर्गुसिया, रुपेरी लवेने ऊन परतवणारा. मग टेकूमुळांवरचा केवडा, आणि शेवटी माड.

जातींची यादी केली तर ती छोटीच होईल. मला मोलाची वाटते ती कामांची वाटणी. शास्त्रज्ञ तिला कार्यात्मक विविधता म्हणतात. एका जागी, बहुधा समुद्र नीट दिसावा म्हणून, झुडपं साफ केलेली होती. उरलेल्या माडांची मुळं उघडी पडली होती, एक तर पाण्यात आडवाच झाला होता. थोडं पुढे, झुडपं शाबूत होती तिथे, वाळूचा चांगला कमरेएवढा बांध तयार झालेला. मग ती उघडी पडलेली मुळं आठवून फार वाईट वाटलं.

कारण प्रश्न नुसत्या वाळूचा नाही. बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि घरोघरच्या विहिरी त्यावरच चालतात. किनारा झिजून बेट जितकं अरुंद होईल, तितका हा थर पातळ. झीज थांबवायला लक्षद्वीपमध्ये कित्येक किनाऱ्यांवर टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, रचलेत. ते लाटेचा जोर मोडतात, पण वाऱ्याने उडणारी वाळू त्यांना धरता येत नाही. किनाऱ्यावर लागवड करायचीच, तर नुसत्या सुरूच्या रांगा नकोत. मर्यादवेलीपासून केवड्यापर्यंत सगळा क्रम लावायला हवा.