ओवाळणी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळा साफ करण्याचा सोहळा होतो. जुन्या वस्तू खाली येतात, पुसल्या जातात आणि पुन्हा वर जातात. यंदा त्यांत माझ्या शाळेतल्या सायकलीचा दिवा निघाला. सायकल केव्हाच मोडीत गेली; दिवा का ठेवला होता, कोण जाणे! तो हातात घेतला आणि अक्का आठवली. सायकल माझी, पण आठवण अक्काची. याला कारण आहे.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. १९५७ साली ती सातवी पास झाली, तीही गावच्या शाळेत पहिली. मास्तर स्वतः पेढे मागायला घरी आले. पण पुढचे हायस्कूल तालुक्याला, तीन मैलांवर. वाटेत एक ओढा आणि निर्मनुष्य माळ. पेढे देता देता बाबा म्हणाले, "शिकवायला माझी ना नाही हो, मास्तर. पण रोज एवढ्या लांब पोरीला धाडायचं कसं?" या प्रश्नाचे उत्तर कोणी शोधलेच नाही. अक्काच्या हातातले पुस्तक सुटले आणि तिथे भाकरीची परात आली.

तीन वर्षांनी मी सातवी पास झालो, कसाबसा. तेच तीन मैल, तोच ओढा, तोच माळ. माझ्या वेळी मात्र उत्तर सापडले. बाबांनी कुणाची तरी वापरलेली सायकल विकत आणली. अक्का रोज सकाळी ती फडक्याने पुसून ठेवी. एकदा दिवा पुसता पुसता हळूच म्हणाली, "मला शिकवतोस?"

मी ऐटीत म्हणालो, "मुलगी सायकलवर? लोक हसतील!"

तीच हसली आणि दिवा पुसू लागली. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

परवा अक्का चार दिवस राहायला आली होती. माझी नात तिला काहीतरी वाचून दाखवत होती. २००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्याचा काय परिणाम झाला, हे कार्तिक मुरलीधरन आणि निषीथ प्रकाश या दोन अभ्यासकांनी शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिले. हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढली होती. आणि ही वाढ मुख्यतः कुठे? जिथे हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होते, त्या गावांत!

मी ऐकत होतो. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळेचे दार उघडले, त्यासाठी शेणमाती अंगावर झेलली. पण दार उघडे असून भागत नाही. घराच्या उंबऱ्यापासून त्या दारापर्यंतची वाटही मोकळी असावी लागते. आपल्याकडे अहिल्याबाईंच्या नावाने मुलींना एस. टी.चा मोफत पास मिळतो, तो त्या वाटेसाठीच. अर्थात, गाडी फाट्यावर थांबली तर!

अक्का शांतपणे म्हणाली, "म्हणजे बाबांचं मन वाईट नव्हतं रे. तेव्हा घरात सायकल नव्हती, एवढंच."

मला उत्तर सुचेना. बाबांच्या वेळी सायकल नव्हती, हे खरे. माझ्या वेळी होती. तिला हे आठवत नसेल? आठवत असणारच. पण अक्काने आजवर कुणाला हिशेब मागितलेला नाही. मला तर नाहीच.

साठ-पासष्ट भाऊबिजा झाल्या. तबकात मी कधी लुगडे घातले, कधी नोटा. खरी ओवाळणी राहूनच गेली. म्हणून धीर करून विचारले, "अक्का, यंदा काय घालू?"

"साड्यांनी कपाट भरलंय माझं. आमच्या शेतावरच्या गड्याची मुलगी आठवीला पायी जाते. तिला सायकल घे."

"घेतो."

"नुसती घेऊन भागायचं नाही," अक्का म्हणाली, "मागं धरून शिकवायचीही तूच."

माझी पंचाहत्तरी उलटली आहे आणि गुडघे दुखतात. तरी भाऊबीजेच्या संध्याकाळी कॅरिअर धरून मी त्या पोरीमागे धावणार आहे. लोक हसतील. हसोत बापडे!